मागच्या चाकाचे तेल आणि माझे तीन हेलपाटे

मागच्या जोडचाकातील आतल्या टायरच्या भिंतीवर तेलाचा काळा ओघळ दिसला, की गॅरेजमधील कोणीही ‘सील गेले’, म्हणजे तेल अडवणारी रबरी ओठाची कडी खराब झाली, असे म्हणून मोकळा होतो. ते वाक्य अर्धवट आहे, कारण सील का गेले हे त्यात कुठेच नसते, आणि त्याच अर्ध्या वाक्यामुळे कुपवाड एमआयडीसीत कामाला लागल्यावर पहिल्याच गळीत हंगामात मला उसाची एकच गाडी तीन वेळा उघडावी लागली. हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग, कसा उतरवायचा, गाडी टेकवायची घोडी कुठे लावायची आणि ठोकळे कोणत्या चाकाला लावायचे हे तुम्हाला येत असेल असे मी धरून चालतो.

प्रथम ओघळ कुठून सुरू होतो ते पाहावे. चाकाच्या बाहेरच्या बाजूला, चाक फिरवणाऱ्या ॲक्सल शाफ्टच्या फ्लँजपासून, म्हणजे टोकाच्या चकतीपासून, किरणांसारख्या रेषा बाहेर पडलेल्या असतील तर दोष तिथल्या गॅस्केटचा किंवा सैल नटांचा असतो आणि हब खोलण्याची गरजच नसते. ब्रेक ड्रमचा आतला काठ आणि आतल्या टायरची चेसिसकडील बाजू ओली असेल तर मात्र हब सीलकडे वळावे. ब्रेकच्या कॅमशाफ्टच्या बुशमधून जास्तीचे ग्रीस बाहेर आले तरी नवखा माणूस फसतो. ते घट्ट असते, कॅमच्या डोक्यापाशीच साचते आणि त्याला गियर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास येत नाही. ज्या गाड्यांत हबचे बेअरिंग ग्रीसवर चालतात, त्यांत ग्रीस पातळ होऊन वाहू लागले असेल तर हाउसिंगमधील, म्हणजे ॲक्सलच्या पोकळ कवचातील, तेल अडवणारे आतले सीलही गेले आहे असे समजावे, आणि दोन्ही सीले एकाच वेळी बदलावीत. शंका असल्यास भाग धुऊन, एक फेरी मारून आणून पुन्हा पाहण्यात कमीपणा नाही.

हब उघडण्यापूर्वी हाउसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, तपासलाच पाहिजे. ऊस भरायला फडात शिरलेल्या गाडीचा ब्रीदर चिखलाने बुजतो, तेल तापले की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही, आणि ती सीलच्या ओठातून तेल बाहेर ढकलते. बेअरिंग सैल असेल तर हब डुलतो आणि सीलचा ओठ एका बाजूने दबून झिजतो. या दोन गोष्टी कोणताही बरा मिस्त्री तुम्हाला सांगेल. मलाही सांगितल्या होत्या, आणि मी त्या दोन्ही पाहिल्या होत्या. तरीही डावे चाक गळत राहिले.

माझी चूक पॉलिशपेपरमध्ये होती. स्पिंडलवर, म्हणजे हब ज्याभोवती फिरतो त्या स्थिर नळीवर, सीलचा ओठ जिथे टेकतो, तिथे जुन्या सीलने बारीक खाच पाडली होती. आमच्या मिस्त्रींनी लांबूनच ‘पेपर मार आणि बसव’ असे सांगितले, आणि मी मनगट फिरवत, पेपर आतून बाहेर सरकवत, ती जागा आरशासारखी चकचकीत केली. उजव्या बाजूलाही तसेच केले. उजवी बाजू कोरडी राहिली आणि डावी चार-पाच दिवसांत ओली झाली, म्हणून मी सीललाच शिव्या घातल्या, दुसऱ्या कंपनीचे सील आणले, पुन्हा तसाच पेपर मारला आणि पुन्हा तोंडघशी पडलो. दुसऱ्या वेळी तेलात भिजलेल्या ब्रेक लायनरचे, म्हणजे ड्रमवर घासणाऱ्या पट्ट्यांचे, पैसे माझ्या पगारातून गेले. गाडीमालक आवाज न चढवता ‘पोरा, दुसरीकडं दाखवू का?’ एवढेच म्हणाले, आणि ते मला शिवीपेक्षा जास्त लागले.

तिसऱ्या वेळी एका कामासाठी आलेल्या लेथवाल्या काकांनी स्पिंडलवर बॅटरी तिरकी धरली आणि म्हणाले, ‘अरे, तू इथं आटे पाडलेस.’ मला ते पटेना, म्हणून त्यांनी मला आपल्या लेथवर नेले, एक गोल सळई लावली, ती मी मारला होता तसाच, म्हणजे बाजूला सरकवत, पेपर मारून घेतली, तिला तेल लावले, आणि तिच्यावर दोऱ्याचा सैल फेरा टाकून खाली एक छोटा नट लटकावला. सळई हळू फिरू लागताच दोरा एका बाजूला रांगत निघाला. लेथ उलटा फिरवल्यावर तोच दोरा परत आला. डोळ्यांना चकचकीत दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारखे सूक्ष्म ओरखडे होते, आणि ते दोऱ्याला जसे ढकलत होते तसेच सीलच्या ओठाखाली तेलाला ढकलतात. मी दोन्ही बाजूंना एकाच हाताने, एकाच सवयीने पेपर मारला होता, त्यामुळे आटे दोन्हीकडे एकाच दिशेचे होते. परंतु बाहेरून पाहिल्यास पुढे जाणाऱ्या गाडीचे उजवे चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि डावे त्याच्या उलट, म्हणून उजवीकडे तेल आत खेचले जात होते आणि डावीकडे बाहेर. नवे सील कितीही महाग आणले असते तरी तो पंप चालूच राहिला असता.

म्हणून सीलच्या जागी पेपर मारायचाच असेल तर त्याची अरुंद पट्टी स्पिंडलभोवती गुंडाळून, बूट पुसतात तशी दोन्ही टोके आळीपाळीने ओढावी, आणि पट्टी आत-बाहेर तसूभरही सरकू देऊ नये. लांबीच्या दिशेने तर पेपर कधीच घासू नये, कारण ते ओरखडे तेलाला सरळ वाट करून देतात. खाच नखाला अडत असेल तर पेपर बाजूला ठेवावा. तिथे बदलता येणारी कॉलर असेल तर ती बदलावी, नसेल तर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह, म्हणजे धातूची बाही, चढवावी. एसकेएफ कंपनीच्या अशा स्लीव्हची जाडी 0.28 मिलिमीटर असते, त्यामुळे सीलचा साइज सहसा बदलावा लागत नाही. स्लीव्हचा खर्च ऐकून मालक कुरकुर करतील, त्यांना करू द्यावे.

आपल्या भागात ‘वस्ताद’ हा शब्द तालमीतून गॅरेजात आला असे मला नेहमी वाटते, पण तालमीतला वस्ताद निदान पोराला मातीत उतरून डाव दाखवतो. जो मिस्त्री खाटेवरून सूचना देतो त्याच्याकडे वर्षभर राहण्यापेक्षा जो आपली बिघडलेली कामे दाखवतो त्याच्याकडे महिनाभर राहावे, हे माझे मत आहे आणि ते कोणाला आवडत नाही. सीलच्या बाहेरून सिलिकॉन थापणाऱ्यांबद्दलही मी चांगले बोलू शकत नाही. तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून पुन्हा बसवणारा माणूस खंबाटकी घाट उतरताना त्या गाडीत बसत नाही. लायनर बदलावेत, आणि त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत. ड्रम निघावा म्हणून स्प्रिंगच्या जोरावर चाक धरून ठेवणारा स्प्रिंग ब्रेक मोकळा करताना त्याचा ठरलेला बोल्ट वापरून स्प्रिंग दाबून धरावी. ती स्प्रिंग ज्यात कोंडलेली असते त्या चेंबरचा क्लॅम्प कोणीही, कोणत्याही घाईत उघडू नये. आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

बसवणी त्या मानाने सोपी आहे, आणि दोन-तीन वेळा केल्यावर हात आपोआप स्थिरावतो, तेव्हा घाबरू नये. सील डॉलीने, म्हणजे ठोकायच्या गोल साच्याने, सरळ आणि सारखे ठोकावे, ओठाला तेल लावायचे की कोरडे बसवायचे हे त्या सीलच्या कागदावर वाचावे, आणि हब चढवताना त्याचे वजन क्षणभरही सीलवर टेकू देऊ नये. बेअरिंगचा नट हब फिरवत आवळून, मग मागे घेऊन, डायल गेजवर प्ले, म्हणजे हबची आत-बाहेर होणारी हालचाल, पाहावा, साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर चालतो, पण गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. माझ्याकडे गेज नव्हता तेव्हा मी अंदाजाने करत असे, आणि त्या रात्री मला नीट झोप लागत नसे. हब तेलावर चालणारा असेल तर ॲक्सलची एक बाजू वीतभर उचलून मिनिटभर थांबावे, मग दुसरी बाजू तशीच उचलावी, म्हणजे तेल दोन्ही हबांत पोचते. त्यानंतर हाउसिंगची पातळी पुन्हा भरावी, नाहीतर नवे बेअरिंग पहिल्याच फेरीत कोरडे फिरून जळते.

पहिल्या फेरीनंतर गाडी परत बोलवावी, दोन्ही हबांना हात लावून एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापला आहे का ते पाहावे, आणि ड्रमच्या आतल्या काठावरून कोरडे फडके फिरवावे. तिसऱ्या दुरुस्तीनंतर मी ते फडके मालकांच्या हातात दिले होते, आणि त्यांनी ते दोनदा फिरवून कोरडेच परत केले.