दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं करायची आहेत? आधी माझे अडीच महिने कुठे गेले ते वाचा

गेल्या वर्षभरात चार-पाच जणींनी मला विचारलं, "वाचनाची आवड आहे, दिव्यांगांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकीला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. ब्रेल म्हणजे काय, स्क्रीन रीडर म्हणजे काय एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललेय, त्यात वेळ घालवत नाही.

मी गुहागर तालुक्यातली. बारावीनंतर टायपिंगचा क्लास, मग बी.ए., मग बी.लिब. (ग्रंथालयशास्त्र), आणि एका सार्वजनिक वाचनालयात सहाय्यक. पगार विचारू नका, अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात ज्यांनी वर्षं काढलीयत त्यांना माहितीये. चिपळुणात तळमजल्यावर खोली होती. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं तेव्हा माझं कपाटही गेलं, आणि पाणी उतरल्यावर बघते तर पुस्तकं भिजलेल्या पावासारखी फुगलेली, पान सुटं करायला जावं तर हातात लगदा. वरच्या फळीवरची चाळीसेक तेवढी वाचली. ती मी मोबाईलने स्कॅन करायला घेतली, पुन्हा पाणी आलं तर निदान एवढं तरी राहील म्हणून. दिव्यांग वगैरे विचार डोक्यातही नव्हता, खोटं कशाला बोलू.

मग वाचनालयात एक मुलगा यायला लागला, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, पूर्ण दृष्टिहीन. बहीण सोबत यायची. त्याला मराठीचं एक संदर्भपुस्तक हवं होतं, आणि नेमकं ते माझ्या स्कॅनमध्ये होतं! मी लगेच पाठवलं, मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "ताई, फोन नुसता 'चित्र, चित्र' म्हणतोय." स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात अक्षरं नसतातच, हे मला तेव्हा कळलं. असू दे, ही चूक सगळेच करतात आणि एका दिवसात कळते. खरी माती मी पुढे खाल्ली.

मी म्हटलं आपल्याला टायपिंग येतं, आपण टाईप करू. 214 पानं. रोज रात्री नऊ ते अकरा, कृतिदेव फॉन्टमध्ये, कारण क्लासमध्ये बोटं त्याच्यावरच बसलेली. पावसाळ्याचे दिवस, वीज कधी जाईल सांगता येत नाही, दर पाच मिनिटांनी सेव्ह. अडीच महिने लागले. प्रिंट काढून बघितली, झकास. फाईल पाठवली आणि दोन दिवस काही उत्तरच नाही. मग भीतभीत मेसेज आला, "ताई, हे पुस्तक इंग्रजीत आहे का?"

मला वाटलं मस्करी करतोय. रविवारी त्याच्या घरी गेले. त्याने कॉलेजच्या सरांचा जुना लॅपटॉप उघडला, एनव्हीडीए (पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर) चालू केलं आणि पहिल्या ओळीवरचा पहिला शब्द बाणाच्या कळीने एकेक अक्षर पुढे सरकवत ऐकवला. ई, जे, के, बी, एच. परत ऐकवला. ई, जे, के, बी, एच. तो शब्द होता 'मराठी'. आणि मांडीवर ठेवलेली माझी बोटं आपोआप हलली हो, कारण कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहायला मी ह्याच कळा दाबत होते! ई दाबला की म, जे दाबला की र, के म्हणजे काना, शिफ्ट धरून बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी.

हे जरा सविस्तर सांगते, कारण अजूनही निम्मे लोक इथेच आपटतात. कृतिदेव, श्रीलिपी असले जुने फॉन्ट म्हणजे आमच्या वाडीतल्या नमनातली (कोकणातल्या लोकनाट्यातली) गवळण. साडी नेसून, वेणीफणी करून उभी राहिली की लांबून बाई दिसते, पण आत आमचा शेजारचा दादाच, तोंड उघडलं की आवाज त्याचाच. फाईलमध्ये साठवलेला असतो इंग्रजी ई, फॉन्ट त्याला फक्त म चं सोंग देतो. डोळस माणसाला सोंग दिसतं. स्क्रीन रीडरला सोंगाशी देणंघेणं नाही, तो आतला ई वाचतो. युनिकोडमध्ये म हा म म्हणूनच साठवला जातो, त्यामुळे मंगल, नोटो, कुठलाही युनिकोड फॉन्ट लावा, वाचणारा म च वाचणार.

तपासायचं कसं? फाईलमधल्या दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी दिसली तर ठीक, कचरा दिसला तर सोंग. पीडीएफ असेल तर हे दोनदा करा, कारण युनिकोडातून बनवलेल्या पीडीएफमधूनसुद्धा कधीकधी वेलांट्या आणि जोडाक्षरं उलटीपालटी होऊन बाहेर येतात. प्रेसवाला "युनिकोडच आहे मॅडम" म्हणाला तरी तपासा. विशेषतः म्हणाला तर तपासा.

आणि हो, जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे फुकटचे कन्व्हर्टर मिळतात, माझी 214 पानं शेवटी त्यातूनच सुटली, म्हणजे सगळं काही वाया गेलं नाही. पण कन्व्हर्टर मारला की झालं असं समजू नका. कृतिदेवमध्ये 'किनारा' टाईप करताना पहिली वेलांटी क च्या आधी दाबतात, कागदावर ती आधी दिसते म्हणून. युनिकोडात आधी क, मग वेलांटी. रफाराचं उलट, 'वर्ष' मधला रफार जुन्या फॉन्टात ष च्या नंतर आणि युनिकोडात र आधी. ह्या अदलाबदलीत कन्व्हर्टर अडखळतो आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. तीन आठवडे मी रफार शोधत होते. तेव्हा रडलेही, सांगायला लाज नाही.

माझा नियम आता एकच आहे. पहिलं पान झालं की ते वाचकाकडे जातं, आणि त्याने ऐकून हो म्हटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. अडीच महिने मी त्या मुलाला एक पान दाखवलं नाही, का तर 'सरप्राईज' द्यायचं होतं. कसलं सरप्राईज! पोराची सेमिस्टर परीक्षा त्यात निघून गेली, बहिणीने रात्री जागून वाचून दाखवलं म्हणून निभावलं.

आजकाल सगळं टाईप करायची गरज नाही. गुगल ड्राईव्हवर स्कॅन चढवून गुगल डॉक्समध्ये उघडलं की मराठी अक्षरं बऱ्यापैकी सुटतात, टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअरही आहे. पण ओसीआर (फोटोतली अक्षरं ओळखणारं हे तंत्र) ख चा रव करतो, भ चा म, घ चा ध. 'खडक' चं 'रवडक' झालं तर निदान खटकतं तरी, पण 'भान' चं 'मान' झालं तर स्पेलचेकही गप्प बसतो, दोन्ही शब्द खरेच ना. मी आता डोळ्यांनी प्रूफ बघतच नाही, स्क्रीन काळी करून कानांनी ऐकते. एनव्हीडीए फुकट आहे, दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी सुरू केलेलं. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा तसाच स्क्रीन रीडर असतोच. आठवडाभर तेच वापरून बघा, पहिल्या दिवशी चीड येईल, येऊ दे. आणि वर्डमध्ये प्रकरणाचं नाव नुसतं ठळक करून सोडू नका, हेडिंग स्टाईल लावा, म्हणजे ऐकणाऱ्याला एच दाबत थेट प्रकरणावर उडी मारता येते. नाहीतर 214 पानं खाली सरकत बसायची.

आवाजात रेकॉर्ड करायचं असेल तर पावसाळ्यात पत्र्याखाली करू नका एवढं कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आणि नाटकीपणा नको. मी एक करुण प्रकरण अगदी दाटल्या गळ्याने वाचलेलं, तर आमचे हे वाचक साहेब म्हणतात, "ताई, रडू नका, नुसतं वाचा. मी दुप्पट स्पीडने ऐकतो, तुम्ही उचकी लागल्यासारख्या वाटता."

कॉपीराईटला बरेचजण घाबरतात. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराईट कायद्याच्या कलम 52 मध्येच तरतूद आहे, दिव्यांग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक ना-नफा करून देता येतं. ह्याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार 2013 मधला, आणि त्याला पहिली मंजुरी भारताने दिली, 2014 ला. मात्र तीच फाईल उचलून सगळ्या गावाच्या ग्रुपवर टाकलीत तर ती सवलत तुमच्यासाठी नाही. आणि काम सुरू करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. 2016 पासून ही दिव्यांग वाचकांसाठीची ऑनलाईन लायब्ररी आहे, कदाचित तुमचं पुस्तक कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असेल. वाचक म्हणजे फक्त दृष्टिहीन असंही नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत (जुन्या 1995 च्या कायद्यात 7 होते), त्यात डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमताही येते. आमच्याकडे एक काकी येतात, हात थरथरतात म्हणून पुस्तक धरता येत नाही, त्याही ह्याच फाईल्स ऐकतात.

नोकरीचं थोडक्यात. विशेष शिक्षक व्हायचं तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडे नोंदणी, दुसरा रस्ता नाही. फी भरण्याआधी कोर्सचं नाव त्यांच्या साईटवर बघा. वेबसाईट आणि अ‍ॅप दिव्यांगांना वापरता येतात का हे तपासायची कामं पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत असतात, घरून मिळाली तर नशीब, पण त्याला इंग्रजी आणि चिकाटी दोन्ही लागतं. नुसती पुस्तकं करून घर चालत नाही, निदान माझं तरी नाही चालत. नोकरी सोडून ह्यात उडी मारायचा विचार असेल तर कृपा करून मारू नका. पण रोजचा एक तास देता येत असेल तर तो पुरतो, खरंच पुरतो, माझी तीन वर्षांत अकरा पुस्तकं झालीयत.

आणि ते दोन दिवसांच्या 'समावेशन कार्यशाळा' घेणारे सर लोक. एकदा 1500 रुपये भरून गेलेले. प्रमाणपत्र मिळालं, डबल लॅमिनेशन, ग्रुप फोटो. दोन दिवसांत एकही दिव्यांग माणूस माईकवर बोलला नाही. तुम्हाला गुरू हवाच असेल तर तुमची फाईल ऐकून तुम्हाला झापणारा वाचक शोधा.

माझा अजून झापतोच. सुरुवातीला मी त्याला जिद्दीच्या, संकटांवर मात वगैरे पुस्तकांची यादी पाठवलेली. त्यावर त्याचं म्हणणं, "ताई, मात मी रोज करतो, भुताच्या गोष्टी नाहीत का?" तर सध्या भुताच्या गोष्टी चालू आहेत, पान 63. त्यातलं भूत मालवणी बोलतं, आणि 'खंय गेल्लंस' हे एनव्हीडीए एखाद्या सरकारी नोटिशीसारखं वाचतं, ते ऐकून तो आणि बहीण पोट धरून हसतात. शिमग्याच्या आत पुस्तक पूर्ण हवंय म्हणालाय. आमच्या घरात रेंज नाही, आत्ता हे सगळं सड्यावर (गावावरच्या कातळाच्या माळावर) येऊन टाईप करतेय, पान 63 पण इथूनच पाठवायचंय.