घरी बनवलेल्या स्पीकर ड्रायव्हरसाठी डॅम्पिंग मटेरियल शोधताय? या चुका टाळा

स्पीकरच्या दुकानात जाऊन "डॅम्पिंग मटेरियल द्या" असं मागू नका, ही पहिली गोष्ट. डॅम्पिंग म्हणजे नको ती थरथर शांत करणं. पुण्याच्या तापकीर गल्लीत मागा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, समोरचा माणूस तुम्हाला एकतर उंचसखल राखाडी स्पंज देणार किंवा उशीत भरतात तो पांढरा फायबर, कारण त्याच्या दृष्टीने डॅम्पिंग म्हणजे खोक्याच्या आत भरायची वस्तू. खोक्यासाठी ते ठीकच आहे. पण तुम्ही स्वतः कॉइल गुंडाळून, भंगारातला मॅग्नेट मिळवून, कागदाचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, नाहीतर प्लॅस्टिकची फिल्म लावून ड्रायव्हर, म्हणजे स्पीकरचा आवाज काढणारा भाग, बनवलाय, तर त्याला लागणारं सामान स्पीकरच्या दुकानात नसतंच. ते लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे असतं, पंक्चरवाल्याकडे असतं, गाड्यांच्या ॲक्सेसरीजवाल्याकडे असतं आणि हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे असतं. फक्त त्या दुकानात काय नावाने मागायचं ते माहीत पाहिजे, आणि त्याच्याही आधी आपल्याला नक्की काय शांत करायचंय ते माहीत पाहिजे.

काय वाजतंय ते न बघताच सामान आणणं

आवाजात डबा वाजतोय, चरचर येतेय, एखादा सूर उगाच लांबतोय, या सगळ्याला लोक एकच औषध शोधतात. ड्रायव्हरमध्ये नको तिथे वाजणाऱ्या जागा चार. एक म्हणजे पूर्ण कोन स्प्रिंगवर ठेवल्यासारखा पुढेमागे डोलतो तो मूळ रेझोनन्स. दुसरं, वरच्या फ्रिक्वेन्सीला कोन एकसंध न हलता त्याचे तुकडे वेगवेगळे थरथरतात, त्याला ब्रेकअप म्हणतात. तिसरं, मागच्या बाजूचा आवाज मॅग्नेटवर, खोक्याच्या भिंतीवर आपटून पातळ कोनमधून परत पुढे येतो. आणि चौथं, पत्र्याची फ्रेम स्वतःच टणटणते. प्रत्येकाला मटेरियल वेगळं लागतं आणि एकाचं दुसऱ्याला लावलं तर बहुतेक वेळा नुकसानच होतं.

मूळ रेझोनन्सची परीक्षा फुकटात होते. ड्रायव्हर हातात धरा, दोन्ही तारा मोकळ्या ठेवा आणि कोनच्या मधोमध बोटाने हलकी टिचकी मारा, "डुम्म" असा लांबणारा आवाज येईल. आता दोन्ही तारा एकमेकांना चिकटवा, म्हणजे शॉर्ट करा, आणि परत तशीच टिचकी मारा. आवाज "टप्प" असा तिथल्या तिथे मेला तर तुमचा मॅग्नेट आणि कॉइल चांगलं काम करतायत, कोन हलला की कॉइलमध्ये करंट तयार होतो आणि तोच करंट कोनला अडवतो, बारावीच्या फिजिक्समधला लेंझचा नियम, दुसरं काही नाही. दोन्ही वेळा आवाज सारखाच आला तर तुमची मोटर, म्हणजे मॅग्नेट आणि कॉइलची जोडी, कमजोर आहे, घरच्या कॉइलमध्ये बहुतेक वेळा गॅप, म्हणजे कॉइल जिच्यात हलते ती मॅग्नेटची फट, जास्त रुंद झालेली असते. मोटरची ताकद, म्हणजे ते बीएल (गॅपमधलं चुंबकीय क्षेत्र गुणिले त्यातल्या तारेची लांबी), ३० टक्क्यांनी घटलं तर इलेक्ट्रिकल क्यू जवळपास दुप्पट होतो. क्यू म्हणजे रेझोनन्स किती लांबतो त्याचा आकडा, जितका मोठा तितकं डॅम्पिंग कमी, आणि इलेक्ट्रिकल म्हणजे त्या अडवणाऱ्या करंटमुळे येणारा. ते दुखणं नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, चिकटवून पूर्ण बरं होत नाही, गॅप कमी करा नाहीतर दुसरा मॅग्नेट आणा.

आकड्यात बघा. मेकॅनिकल क्यू, म्हणजे हलणाऱ्या भागांच्या घर्षणामुळे येणारा, ५ आणि इलेक्ट्रिकल क्यू ०.५ असेल तर दोन्ही मिळून ०.४५ येतो. आता खटाटोप करून मेकॅनिकल क्यू निम्म्यावर आणला, २.५ केला, तरी एकूण क्यू ०.४२. कानाला कळणारसुद्धा नाही. तेच कमजोर मोटरमध्ये इलेक्ट्रिकल क्यू २ असेल तर एकूण १.४३ वरून १.११ वर येतो, तिथे कापड आणि नमदा कामाला येतात. म्हणजे चांगल्या मॅग्नेटच्या ड्रायव्हरला मूळ रेझोनन्ससाठी मटेरियल शोधत फिरणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. आणि हो, ४ ओहमच्या ड्रायव्हरला दहा मीटर पातळ बेल वायर लावून मग बास ढिला का येतो असं विचारू नका, ती वायर त्याच करंटला अडवते.

मऊ लागतं म्हणजे आवाज शोषतं, हा समज

थर्माकोल, टीव्हीच्या पॅकिंगमधला पांढरा फोम, योगा मॅट, चपलेचा ईव्हीए सोल, हे सगळं बोटाने दाबलं की दबतं म्हणून लोक स्पीकरमध्ये लावतात. यातल्या फोमची छिद्रं बंद असतात, हवा आत शिरतच नाही, मग आवाज शोषला कसा जाणार. आवाज शोषणं म्हणजे हवेला बारीक वाटांमधून घासत जायला लावून तिची ऊर्जा उष्णतेत घालवणं. त्यामुळे दुकानातच परीक्षा करा, तुकडा तोंडाला लावून फुंकर मारा. आरपार सहज गेली तर फार विरळ, अजिबात गेली नाही तर बंद छिद्रांचा, थोडा जोर लावून गेली तर घ्या. दुकानदार बघत राहील, राहू दे. अंड्याच्या ट्रेबद्दल तर बोलायलाच नको.

दुसरं म्हणजे जाडी. शोषणारं मटेरियल हवेचा वेग जिथे जास्त तिथे काम करतं आणि भिंतीला अगदी चिकटून हवा हलतच नाही, वेग सगळ्यात जास्त असतो पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झला ते अंतर साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास, १०० हर्ट्झला तब्बल ८६ सेंटिमीटर. म्हणून भिंतीला अर्धा इंची स्पंज चिकटवून बास सुधारला असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. कोनच्या मागून परत येणाऱ्या मधल्या फ्रिक्वेन्सीसाठी मात्र चांगला लोकरी नमदा बाकी कशाहून भारी पडतो, मॅग्नेटच्या मागच्या बाजूला आणि फ्रेमच्या पट्ट्यांच्या आतून. स्टेशनरीच्या दुकानात क्राफ्टसाठी मिळणारं रंगीत फेल्ट ते नव्हे, ते सिंथेटिक आणि पातळ असतं. हार्मोनियमच्या पट्ट्यांखाली जो लागतो तो मागा. जुनी घोंगडी असेल तर तीही उत्तम चालते, पण आधी अंगणात झटकून झटकून सुटे केस काढा, नाहीतर एक केस गॅपमध्ये गेला की कॉइल खरखरायला लागते. मॅग्नेटच्या मधल्या भोकावर मात्र नमदा लावू नका, तिथून कॉइल थंड होते.

कापूस भरायचा विचार करत असाल तर करू नका. कापूस बसतो, त्याचा गोळा होतो, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैमध्ये तो हवेतली ओल धरतो, मग बुरशी. लोकरीला कसर लागते तेव्हा डांबरगोळी नाहीतर कडुलिंबाचा पाला ठेवायचं बघा. उशीत भरायचा पॉलिस्टर फायबर या दोन्ही कटकटीतून सुटतो, म्हणून खोक्यात भरायला तोच बरा. ग्लासवूल काम चांगलं करतं, पण उघडा ड्रायव्हर असेल तर काचेचे कण कॉइलपर्यंत जातात आणि तुमच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच, कापडाच्या पिशवीत शिवून घेतल्याशिवाय वापरू नका.

कोनला फेव्हिकॉल फासणं

यात सगळ्यात जास्त ड्रायव्हर वाया जातात. कागदी कोन चरचरतो म्हणून त्यावर फेव्हिकॉलचे दोन-तीन हात. फेव्हिकॉल सुकला की कडक होतो, म्हणजे त्याने कोन ताठ होतो, डॅम्पिंग थोडंसंच वाढतं आणि वजन भरपूर वाढतं. ब्रेकअप जात नाही, फक्त त्याची जागा बदलते. लाखेच्या पॉलिशचं तेच, ताठ करायला झकास, शांत करायला नाही. ताठपणा हवा असेल तर लावा ना, पण मग त्याला डॅम्पिंग म्हणू नका.

वजनाचा हिशोब तर कोणी करतच नाही. सहा इंची ड्रायव्हरचा हलणारा भाग १२ ग्रॅम धरा. त्यावर ३ ग्रॅमचा थर चढवला तर आवाज जवळजवळ २ डेसिबलने पडतो आणि ६० हर्ट्झचा रेझोनन्स ५४ च्या आसपास येतो. रेझोनन्स खाली आला म्हणून लोक खूश होतात, पण तो वजनाने आलाय, डॅम्पिंगने नाही. सोनं मोजायचा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवतो, तो घ्या आणि कोन चिकटवायच्या आधी, थर दिल्यानंतर, दोन्ही वेळा वजन करा.

खरं तर कोनभर काही लावायचीच गरज नसते. कोनमधून निघालेली लाट कडेला पोचते आणि सराउंडवरून, म्हणजे कोनला फ्रेमशी जोडणाऱ्या लवचिक कडेवरून, उलटी फिरते, तिला तिथेच गिळायचं. म्हणून कडेची साधारण एक सेंटिमीटरची पट्टी आणि कापडी सराउंड, एवढ्यालाच सुकल्यावरही लवचिक राहणारं काहीतरी पातळ लावा. सायकलच्या पंक्चरचं रबर सोल्यूशन इथे छान चालतं, ब्रशने एकच पातळ हात, खिडकी उघडी ठेवून, कारण त्यातल्या सॉल्व्हंटने डोकं धरतं. फोमचा सराउंड असेल तर सॉल्व्हंटवालं काहीही लावू नका. आणि थर्माकोलचा कोन किंवा पॅनल असेल तर रबर सोल्यूशन आणि फेव्हिबॉन्ड लांबच ठेवा, थर्माकोल डोळ्यासमोर विरघळतो.

सिलिकॉन सीलंटचंही एक बघून घ्या. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो सीलंट सुकताना ॲसिड सोडतो आणि तांब्याची तार, लोखंडी प्लेट खातो. ट्यूबवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं असेल तोच घ्या, दहावीस रुपये जास्त गेले तरी.

फिल्मच्या ड्रायव्हरला नमदा बांधणं

प्लॅनर, म्हणजे कोनऐवजी ताणलेली सपाट फिल्म हलवणारा ड्रायव्हर, बनवणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. १२ मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मागे भोकं पाडलेल्या पत्र्यावर निओडिमियम मॅग्नेट. इथे मोटर मुळातच कमजोर आणि ताणलेली फिल्म ढोलकीच्या पुडीसारखी वाजते, म्हणजे कापडाने डॅम्प करण्याची खरी गरज इथेच. लोक मागे जाड नमदा बांधतात, मग फिल्मला मागे हवाच मिळत नाही, आवाज दबतो आणि लोक म्हणतात प्लॅनरमध्ये दम नाही.

इथे लागते स्क्रीन प्रिंटिंगची पॉलिस्टर जाळी. लग्नपत्रिका, टीशर्ट छापणारे वापरतात ती, मीटरवर मिळते आणि धाग्यांच्या नंबरवर ओळखली जाते, नंबर जितका मोठा तितकी वीण घट्ट. दोन-तीन नंबरचे छोटे तुकडे आणा, एकेरी आणि दुहेरी लावून बघा. मच्छरदाणीची जाळी चालणार नाही, ती इतकी विरळ की हवेला ती आहे हे कळतसुद्धा नाही. लावायची जागा महत्त्वाची. हवा सगळ्यात जोरात पत्र्याच्या भोकांमधून जाते, त्यामुळे जाळी त्या भोकांना घट्ट चिकटून, ताणून बसली पाहिजे. दोन सेंटिमीटर मागे लोंबत ठेवलेलं कापड म्हणजे हवेला बाजूने पळून जायला मोकळी वाट, आणि ढिलं राहिलं तर तेच फडफडतं. चिकटवताना गोंद फक्त भोकांच्या मधल्या पट्ट्यांवर, पसरून भोकांत गेला तर जाळी बुजते.

अजून एक घोळ म्हणजे मोजणीचा. कॉइलवाल्या ड्रायव्हरचा रेझोनन्स इम्पिडन्सच्या, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला करंटला होणाऱ्या अडथळ्याच्या, ग्राफमध्ये डोंगरासारखा दिसतो, डॅम्पिंग वाढलं की तो डोंगर बुटका होतो. प्लॅनरचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट रेघ असते, तिथे काहीच दिसत नाही म्हणून रेझोनन्सच नाही असं समजू नका. फिल्मपासून एक-दोन सेंटिमीटरवर माइक धरून स्वीप, म्हणजे खालून वरपर्यंत सरकत जाणाऱ्या सुराची मोजणी, घ्या, उंचवटा तिथे दिसेल. रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर दोन्ही कामांना पुरतं.

डांबरी शीट आणि घरगुती फेरोफ्लुइड

पत्र्याच्या फ्रेमचा टणटणाट थांबवायला गाडीच्या दारात लावतात ती ॲल्युमिनियम फॉइलवाली ब्यूटाइल शीट आणा, पट्ट्या कापून रोलरने दाबून बसवा, झालं. स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका, विदर्भात ४५ डिग्रीला ती मऊ पडून सरकते. आणि यातलं काहीच कोनवर चिकटवायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

ट्वीटरच्या, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या ड्रायव्हरच्या, गॅपमध्ये घालायला प्रिंटरचा टोनर आणि तेल कालवून फेरोफ्लुइड, म्हणजे मॅग्नेटकडे ओढलं जाणारं तेल, बनवायचे व्हिडिओ बघितले असतील. गंमत म्हणून वाटीत करा, गॅपमध्ये नको. खऱ्या फेरोफ्लुइडचे कण १० नॅनोमीटरच्या आसपास असतात म्हणून ते तेलात तरंगत राहतात, टोनरचे कण त्यापेक्षा कितीतरी पट मोठे, ते मॅग्नेटला चिकटून चिखल होतो आणि कॉइल जाम.

बदल एका वेळी एकच करा आणि मोजणी पूर्ण सुकल्यावरच घ्या. कागद ओला असताना जडही असतो आणि जास्त शांतही, त्यामुळे संध्याकाळी झकास वाटलेला ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी परत चरचरतो. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन. जाळी कुठल्या नंबरची, थर किती ग्रॅमचा, नमदा किती जाड, हे मॅग्नेटच्या मागे मार्करने लिहून ठेवा, कारण जोडीतला दुसरा ड्रायव्हर अजून बनवायचाय आणि तो वेगळा वाजला तर स्टिरिओत गाणारा मधोमध उभा राहत नाही, एका बाजूला सरकतो.