रेडिओवरून नवा जॅझ शोधताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रचना मोजण्यात. जॅझच्या कार्यक्रमांत निवेदक बऱ्याचदा तीन-चार रचना सलग वाजवतो आणि मग सगळ्यांची नावं एका दमात सांगतो. आवडलेली कितवी होती, हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं.

माझा एक मित्र असाच एकदा बास क्लॅरिनेट (खर्जातलं फुंकायचं वाद्य) ऐकून खुळावला. तिसरी रचना म्हणून त्याने तिसरं नाव टिपलं आणि धीर न धरता रेकॉर्डही मागवली. आली ती पियानो, बास (हे तंतुवाद्य) आणि ड्रम्स यांची. फुंकायचं वाद्य औषधालाही नाही! झालं होतं असं, की पहिल्या रचनेत वादक मध्येच थांबले होते. काही सेकंद चिडीचूप, मग पुन्हा सुरू. मुक्त इम्प्रोव्हायझेशनमध्ये, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वाजवण्यात, हे नेहमीचंच. पठ्ठ्याने तिथे रचना संपली असं धरलं आणि पुढचा सगळा हिशेब एकाने सरकला.

मी मोजतच नाही. वेळ आणि वाद्यं लिहितो: ‘10:42, बास क्लॅरिनेट, ड्रम्सवर ब्रश, बास नाही.’ मग वादकांच्या नावांशी ताडून बघतो. अमेरिकेतली बरीच कॉलेज स्टेशनं स्पिनिट्रॉन या संकेतस्थळावर वाजवलेल्या रचनांची यादी वेळेसकट टाकतात. नावांचं स्पेलिंगही तिथूनच घ्या. पोलिश किंवा नॉर्वेजियन नाव कानावर विसंबून शोधायला गेलात तर बसा शोधत.

‘त्यात काय, शझाम आहे की!’ हे ऐकून आता कंटाळा आलाय. गाणं ओळखणारं ते ॲप आवाजाचा ठसा आपल्या साठ्यातल्या ध्वनिमुद्रणांशी जुळवतं. स्टेशनच्या स्टुडिओत झालेलं वादन किंवा मैफलीची टेप त्या साठ्यात नसेल, तर ते तरी काय करणार? तीच मंडळी तीच धून दुसऱ्या रात्री वाजवतील, तरी ठसा वेगळाच.

फक्त मुख्य कलाकाराचं नाव टिपणं हा दुसरा आळस. पियानोवादक सातोको फुजी यांनी 2018 मध्ये, साठीच्या वर्षात, दर महिन्याला एक अल्बम काढला. आता नुसतं ‘फुजी’ लिहून काय शोधणार? साथीदार आणि लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) लिहाच. मला तर निम्मं नवं संगीत ड्रमरच्या नावामागे जाऊनच सापडतं.

शोधून मिळालं नाही म्हणून नाव खोडू नका. निवेदकांकडे अल्बम प्रकाशनाआधीच पोचतात. 2015 पासून जगभर नवे अल्बम बहुधा शुक्रवारी येतात. पुढचे काही शुक्रवार बघत राहा.

दोन मिनिटांत स्टेशन बदलणाऱ्यांनी हा नादच सोडावा.

आणि परदेशी स्टेशन ऐकत असाल तर मार्चमध्ये ‘कार्यक्रम बंद झाला’ अशी बोंब मारण्याआधी घड्याळ बघा. अमेरिकेची घड्याळं महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपची शेवटच्या रविवारी. कार्यक्रम चालू असतो, तुम्ही तासभर चुकलेले असता.