कमी खर्चात युरोप बॅकपॅकिंग कसं करायचं: प्राग ते क्राकूफ

युरोप म्हटलं की आपल्याकडे पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम आणि लाखांचं पॅकेज एवढंच डोक्यात येतं. पहिल्यांदाच आणि स्वतःच्या पैशाने जाणार असाल तर माझं ऐका, मध्य युरोपातून सुरुवात करा: प्राग, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा, बुडापेस्ट, क्राकूफ. व्हिएन्ना सोडलं तर राहणं-खाणं पश्चिमेपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

स्टेप 1: आधी रूट, मग व्हिसा
दोन आठवडे असतील तर चार शहरं बास झाली, रोज नवीन शहर करायला गेलं की पैसे तिकिटांत जातात आणि बघून काहीच होत नाही. प्राग ते व्हिएन्ना ट्रेननी साधारण 4 तास, व्हिएन्नाहून ब्रातिस्लाव्हा तासभर, व्हिएन्नाहूनच बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तास. पाचही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच, पण अर्ज जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, मोठ्यांची फी 90 युरो, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान 30,000 युरोच्या कव्हरचा लागतो. उन्हाळ्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंटसाठी फेब्रुवारीतच कामाला लागा.

स्टेप 2: तिकिटं
ट्रेनचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. रेजिओजेटच्या पिवळ्या ट्रेन आणि फ्लिक्सबस दोन्हीचे भाव बघा, मगच ठरवा. एवढ्याशा रूटला युरेल पास (अनेक देशांत चालणारा ट्रेनचा पास) घेऊ नका, सुटी तिकिटंच परवडतात. स्वस्त विमान दिसलं तर बॅगेचे पैसे आणि एअरपोर्टहून शहरात यायचं भाडं धरून हिशोब करा.

स्टेप 3: राहणं
किचन असलेलं हॉस्टेल बघा. डॉर्ममध्ये (बऱ्याच जणांची एक खोली) लॉकर असतो, कुलूप बऱ्याचदा आपलं लागतं, टॉवेलचे पैसे वेगळे.

स्टेप 4: खाणं
पैसे खरे इथे वाचतात. प्रागमध्ये दुपारी साध्या रेस्टॉरंटबाहेर फळ्यावर 'पोलेद्नी मेनू' लिहिलेला दिसतो, सोमवार ते शुक्रवार, तेच जेवण संध्याकाळपेक्षा खूप कमी पैशात. क्राकूफला 'बार म्लेच्नी' शोधा, ही कम्युनिस्ट काळापासूनची सरकारी अनुदानावर चालणारी खानावळ. काउंटरवर ऑर्डर द्यायची, पैसे भरायचे, पावती घेऊन खिडकीशी उभं राहायचं आणि जेवून झालं की ताट आपणच परत न्यायचं. शाकाहारी असाल तर पिएरोगी रुस्क्ये मागा, दिसायला आपल्या करंजीसारखे, आत बटाटा, ताजं चीज आणि कांदा, फक्त वरून कधी कधी बेकनचे तुकडे घालतात म्हणून ऑर्डर देतानाच 'बेझ म्येंसा', म्हणजे मांस नको, हे सांगून टाका.

पाणी विकत घेऊ नका. व्हिएन्नाच्या नळाला 1873 पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी येतंय, बाटली भरून घ्या आणि फिरा. तिथे रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काय ती उघडी, त्यामुळे ब्रेड, दही, फळं शनिवारीच आणून ठेवा.

स्टेप 5: पैसे
युरो फक्त ऑस्ट्रिया (व्हिएन्ना) आणि स्लोव्हाकियात (ब्रातिस्लाव्हा) चालतो, बाकी प्रागला कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, क्राकूफला झ्लॉटी. कार्ड मशीन किंवा एटीएमने 'रुपयांत की लोकल करन्सीत' विचारलं तर कायम लोकल, रुपयांत घेतलंत की वाईट रेट लावतात. टुरिस्ट भागातली युरोनेटची एटीएम टाळा, बँकेचं एटीएम शोधा.

स्टेप 6: फिरणं
बस-मेट्रोचं कागदी तिकीट काढलं म्हणजे झालं असं नाही, प्राग आणि बुडापेस्टला ते मशीनमध्ये पंच करावं लागतं, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड बसतो, आणि चेकर टुरिस्ट म्हणून सोडत नाहीत. चार्ल्स ब्रिजवर सूर्य उगवायच्या वेळी जा, फुकट आहे आणि तेव्हाच जरा मोकळा असतो. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात उभं राहून बघायची तिकिटं बसायच्या मानाने अगदी स्वस्तात मिळतात, संगीताची थोडी जरी आवड असली तरी हे सोडू नका. बुडापेस्टला डॅन्यूबवरची बोट घेण्याआधी 2 नंबरची ट्राम पकडा. नदीच्या काठाकाठाने पार्लमेंट, चेन ब्रिज, पलीकडचा राजवाडा सगळं दाखवत जाते, अंधार पडल्यावर नदीच्या बाजूची खिडकी धरून बसा, साध्या तिकिटात होतं.