ऑइल पेंटिंग घरीच शिकताय? आधी तांब्या रंगवा

पहिल्या महिन्यात सगळे जे करतात तेच मीही केलं. २४ ट्यूबांचा सेट, दोन फुटी कॅनव्हास आणि मोबाईलमधला कुठलातरी सूर्यास्त, तिसऱ्या दिवशी पॅलेटवर आणि कॅनव्हासवर सेम चिखल. ऑफिसमुळे क्लास जमण्यासारखा नव्हता म्हणून धडपडत शिकलो, त्यातलं जे खरंच कामाला आलं तेवढंच सांगतो.

आधी रंग कमी करा. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड आणि आयव्हरी ब्लॅक, बास. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न साधारण अशाच चार रंगांच्या पॅलेटसाठी ओळखला जातो. निळा कुठाय असं वाटेल, पण काळ्यात पांढरा मिसळा आणि तो राखाडी ऑकरच्या शेजारी लावून बघा, चक्क निळसर दिसतो! हिरवीगार झाडी यात जमणार नाही, पण चेहरे, मडकी, जुन्या भिंती आरामात होतात आणि मुख्य म्हणजे रंग मळला तर कशाने मळला ते कळतं.

आता तांब्या. घरातला तांब्याचाच घ्या, पितांबरीने लखलखीत केलेला नको, जरा काळपट पडलेला बरा. खिडकीपाशी ठेवा, ट्यूबलाइट बंद, उजेड एकाच बाजूने. माझा पहिला तांब्या प्लास्टिकच्या मगासारखा झाला होता कारण तांबं म्हटलं की नारिंगी असं डोक्यात बसलेलं, सगळीकडे तोच थापला. मग चहा घेऊन नुसता बघत बसलो तर खरा नारिंगी जेमतेम दोन बोटं रुंद पट्ट्यात होता. पोटाखाली जवळजवळ काळा, बुडाशी टेबलावरच्या चादरीचा पांढुरका रंग उतरलेला आणि गळ्याखाली खिडकीचे गज वाकडे होऊन बसलेले. चमक म्हणजे तर गडद जागेला खेटून आलेला एक ठिपका, तांदळाएवढा. तो शेवटी, एकदाच लावायचा आणि परत हात लावायचा नाही (मी लावतो, दरवेळी पस्तावतो).

गडद कुठे, फिकं कुठे हे रंगाच्या आधी. डोळे बारीक करून बघा म्हणजे बारकावे जातात आणि नुसते उजेड-सावलीचे तुकडे उरतात. शंका आली तर वस्तूचा आणि चित्राचा फोनवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून शेजारी ठेवा, चूक लगेच दिसते. सुरुवातीच्या थरासाठी बर्न्ट अंबरची (गडद तपकिरी) पाचवी ट्यूब घ्या, टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून आकार मांडा आणि उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. हा रंग लवकर वाळतो, काळा मात्र फार रेंगाळतो.

आणि आधी पातळ, मग तेलकट (म्हणजे खालच्या थरात टर्पेन्टाइन जास्त, वरच्या थरांत तेल जास्त), हा क्रम मोडू नका. मी एकदा काळ्याच्या जाड, ओल्या थरावर टर्पेन्टाइन घातलेला पातळ पांढरा ओढला, काही महिन्यांनी पापडासारख्या भेगा. ऑइल कलर पाण्यासारखा उडून वाळत नाही, त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं, मग खालचा थर अजून हलत असताना वरचा कडक झाला की तडकणारच.

तेल लागलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आत ऊब साठून ती आपोआप पेटू शकतात, पसरून वाळवा. पावसाळ्यात चित्र कपाटात कोंबू नका, दमटपणाने बुरशी येते आणि अंधारात तेल पिवळं पडतं.

साइज ६ बाय ८ इंच, ऑइल शीट (ऑइल कलरसाठीचा जाड कागद) चालते, एका बैठकीत दीड तास. दोन महिने एकाच चित्राला गोंजारण्यापेक्षा तोच तांब्या दहा वेळा काढा, तिसऱ्यापासून हात बसायला लागतो.

आणि ओरिजिनल चित्रं बघायला जा. राजा रविवर्मांनाही ऑइल कोणी हात धरून शिकवलं नाही, त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपियन चित्रकाराने शिकवायला नकार दिला, फक्त काम करताना बघू दिलं. रविवर्मांची मूळ चित्रं सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या म्युझियममध्ये आहेत. समोरून बघून झालं की बाजूला सरका आणि तिरक्या उजेडात बघा, सावल्यांत रंग किती पातळ आहे आणि दागिन्यांवर, जरीवर किती चढवलाय ते शोधा. वही न्या, फक्त नाक काचेला लावू नका, मला तिथे ओरडा बसलाय.