अंतर्गत गुणांसाठी विकिपीडियाचा लेख

इतिहासाच्या किंवा भूगोलाच्या वर्गाला यंदा छापील असाइनमेंटऐवजी मराठी विकिपीडियावरचा एखादा अर्धवट लेख पूर्ण करायला द्या. समजा, जवळच्या किल्ल्याचा. मसुदा आधी धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, लिहून घ्या. तुम्ही तपासल्यावरच तो मुख्य लेखात जाऊ द्या. पानावरच्या ‘इतिहास पहा’वर टिचकी मारली की कोणी, कधी, किती मजकूर घातला ते तारीख-वेळेसह दिसतं, त्यामुळे गटात कोणी नुसतंच नाव लावलंय हेही कळतं. गुण लांबीला नकोत, संदर्भांना द्या: प्रत्येक परिच्छेदाला गॅझेटिअरचा किंवा पुस्तकाचा आधार, तोही पान क्रमांकासह. त्यासाठी मुलं ग्रंथालयाची पायरी चढतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. फोटो मात्र स्वतः काढलेलेच चढवायला सांगा; गुगलवरून उचललेले कॉपीराइटमुळे काढून टाकले जातात.