रुग्णाची माहिती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवताना

तालुक्याच्या दवाखान्यातून रुग्णाला शहरातल्या तज्ज्ञांकडे पाठवायचे ठरले की बहुतेक ठिकाणी केस पेपरचा मोबाइलवर फोटो काढून तो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला जातो. फोटोत अगदी वरच रुग्णाचे नाव, वय, पत्ता आणि फोन नंबर असतो. ग्रुपमधल्या पन्नास जणांपैकी एकाचाच त्या रुग्णाशी संबंध असतो, पण कागद मात्र सर्वांच्या गॅलरीत वर्षानुवर्षे पडून राहतो. मी पूर्वी नोंदी सांभाळत असे त्या रुग्णालयातून एका मुलीचा गरोदरपणाचा रिपोर्ट असाच फिरत तिच्या गावी पोहोचला आणि तिने तपासणीला येणेच सोडले.

म्हणून आधी तज्ज्ञांना फोन करावा, रुग्ण तेच पाहणार आहेत याची खात्री करावी आणि काय पाठवत आहोत हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगून संमती घ्यावी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी साखर, रक्तदाब, चालू औषधे आणि अ‍ॅलर्जी कळणे आवश्यक आहे. वीस वर्षांपूर्वीच्या गर्भपाताची नोंद तिथे लागत नाही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी किंवा मानसिक आजाराचे चालू औषध संकोचापोटी गाळू नये, कारण ते लपवल्याने जिवावर बेतू शकते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन या केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य नोंदींच्या व्यवस्थेत दोन्ही रुग्णालये जोडलेली असतील, तर तोच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. रुग्णाच्या 14 अंकी आभा क्रमांकाला, म्हणजे त्याच्या आरोग्य ओळख क्रमांकाला, नोंदी जोडल्या जातात, पण त्या एका सरकारी कोठारात जमा न होता मूळ रुग्णालयातच राहतात. तज्ज्ञांनी मागणी केली की रुग्णाच्या अ‍ॅपवर विनंती येते. त्यात कोण, कशासाठी, कोणत्या काळातल्या नोंदी आणि किती दिवसांसाठी मागत आहे हे दिसते. रुग्ण ती मान्य करू शकतो, नाकारू शकतो आणि दिलेली संमती मागाहून मागेही घेऊ शकतो. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने रुग्णाचा ओटीपी विचारून स्वतःच संमती देऊन टाकली, तर या साऱ्या व्यवस्थेला अर्थ उरत नाही. वयस्कर रुग्णाला वेळ लागतो, तो द्यावा.

ही सोय नसेल तर रिपोर्टची पीडीएफ पासवर्ड घालून थेट तज्ज्ञांच्या ईमेलवर पाठवावी आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये न लिहिता फोनवर सांगावा. संगणकावर प्रत्येक कर्मचाऱ्याचे लॉगिन वेगळे असावे, म्हणजे कोणती नोंद कोणी उघडली हे नंतर तपासता येते.

एचआयव्हीच्या बाबतीत 2017 चा कायदा विशेष कडक आहे. उपचारासाठी गरज असेल तेव्हा उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना ही माहिती देता येते, पण चिठ्ठीवर ठळक शेरा मारून ती वॉर्डबॉयपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांच्या नजरेस पडेल असे करणे सर्वस्वी गैर आहे. क्षयरोगाची नोंद सरकारला कळवणे 2012 पासून बंधनकारक आहे, मात्र ती ठरलेल्या सरकारी यंत्रणेकडेच जावी.

अपघाताच्या रुग्णासाठी कागदपत्रांची वाट न पाहता आवश्यक ते फोनवर सांगावे, आणि कोणाला, किती वाजता, काय सांगितले हे लगेच केस पेपरवर लिहावे. नाइलाजाने फोटो पाठवावाच लागला, तर तो त्या एकाच डॉक्टरांना पाठवावा, मिळाल्याचे कळताच आपल्या फोनमधून काढावा आणि मोबाइलचा ट्रॅशही रिकामा करावा, कारण काढलेला फोटो तिथे काही दिवस तसाच राहतो.